उतरण्याचा अधिकार : मराठीतील सागरप्रवास, सुएझ कालवा आणि विजयदुर्गची बोट

सारांश

मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेने 'पाहणारा प्रवासी' केंद्रस्थानी ठेवला आहे. बोटीच्या प्रवासात मात्र पाहण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न बंदरात उतरण्याचा असतो. कोणाला उतरता येते, कोणाला येत नाही आणि कोणाला उतरावेच लागते, या निकषावर पंडिता रमाबाई, वि. दा. सावरकर व विश्राम बेडेकर यांच्या लेखनातील सागरप्रवासाचा आणि मुंबई–गोवा मार्गावरील कोकण बोटीच्या बहुतांशी अलिखित राहिलेल्या प्रवासाचा एकत्रित विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : प्रवासवर्णन, सागरप्रवास, सुएझ कालवा, 'रणांगण', कोकण बोट, विजयदुर्ग

१. प्रास्ताविक

पदवीच्या वर्गाला प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवून झाल्यावर विद्यार्थ्यांना स्वतःच्या एखाद्या प्रवासाविषयी चार पाने लिहावयास सांगण्याचा प्रस्तुत लेखिकेचा प्रघात आहे. विजयदुर्ग, गिर्ये, पडेल या परिसरातून येणारे विद्यार्थी बहुधा शाळेच्या सहलीविषयी लिहितात. ज्यांना सहलही घडलेली नसते ते 'आम्ही प्रवास केलेलाच नाही' असे प्रामाणिकपणे सांगतात. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने मात्र स्वतःच्या नव्हे, तर आजीच्या प्रवासाविषयी लिहिले. मुंबईहून बोटीने विजयदुर्गास येताना कडेवर मूल, डोक्यावर वळकटी आणि खाली हलणारा पडाव, लाटेने पडाव वर आला की त्या क्षणी पाय टाकायचा, चुकला तर पाण्यात, एवढाच तो मजकूर होता. शेवटी तिने विचारले होते, "मॅडम, हे प्रवासवर्णनात बसते का?"

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी वर्गात नीट देता आले नाही. पुस्तकी व्याख्येनुसार उत्तर नकारार्थी होते. आजीने निसर्ग पाहिलेला नव्हता, परक्या संस्कृतीचा परिचय करून घेतलेला नव्हता. ती केवळ घरी आली होती. तरीही त्या दीड पानात समुद्र, बोट, बंदर आणि माणूस यांच्या नात्याविषयी जे होते, ते नावाजलेल्या अनेक प्रवासवर्णनांत आढळत नाही. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

हा प्रश्न विजयदुर्गात उपस्थित व्हावा, यालाही एक अर्थ आहे. वाघोटण नदीच्या मुखाशी उभा असलेला हा किल्ला अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचे प्रमुख ठाणे होता. या किनाऱ्यावरून ये-जा करणाऱ्या गलबतांनी आंग्र्यांचे दस्तक घ्यावे, असा त्यांचा आग्रह असे. पोर्तुगीज आपला कार्ताझ नावाचा परवाना घ्यावयास लावीत आणि इंग्रज आपला पास पुढे करीत. समुद्रावरून कोणी जावे आणि कोठे लागावे, हे ठरविण्याच्या अधिकारावरूनच या सत्तांमध्ये संघर्ष झाला. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले आणि किल्ला पडला. परवाना देणारे बंदर पुढे आगबोटीच्या वेळापत्रकातील एक थांबा झाले. बंदर आणि परवानगी यांचे नाते या गावाला नवीन नाही.

२. वाङ्मयप्रकाराची व्याख्या आणि तिच्याबाहेरचा प्रवासी

मराठी प्रवासवर्णनाच्या विकासाचा आलेख साधारणपणे एका विशिष्ट क्रमाने मांडला जातो. एकोणिसाव्या शतकातील माहितीपर वृत्तांत, त्यानंतर न. चिं. केळकर यांच्या 'विलायतची बातमीपत्रे' (१९२२) सारखे पत्रकारी वळणाचे लेखन, पुढे अनंत काणेकर यांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) आणि त्यानंतर गंगाधर गाडगीळ यांचे 'साता समुद्रापलीकडे' (१९५९), पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (१९६०) असा तो आलेख आहे. काणेकरांनी प्रवासवर्णनाला माहितीच्या ओझ्यातून मोकळे केले आणि लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाला त्यात मध्यवर्ती स्थान दिले, हे मत आता सर्वमान्य झाले आहे व ते योग्यही आहे. सिंधुदुर्गातीलच कवी-समीक्षक डॉ. वसंत सावंत यांनी 'प्रवासवर्णन : एक वाङ्मयप्रकार' हा स्वतंत्र ग्रंथ लिहून या प्रकाराच्या तात्त्विक विचाराचा पाया घातला.

तथापि व्यक्तिमत्त्वाचा आविष्कार हा निकष एकदा स्वीकारला, की त्यासोबत काही गृहीतके नकळत येतात. प्रवासी स्वेच्छेने निघालेला असतो. त्याच्याजवळ पाहण्यापुरता वेळ असतो. तो परत येणार असतो. आणि बोट ज्या बंदरात थांबेल तेथे त्याला खाली उतरून फेरफटका मारता येतो. यांपैकी शेवटचे गृहीतक इतके स्वाभाविक वाटते, की समीक्षेत त्याचा वेगळा उल्लेखही होत नाही. एडनला उतरलो, पोर्ट सैदला उतरलो, मार्सेलिसला उतरून पुढे आगगाडीने गेलो, अशी क्रियापदांची साखळी वाचताना 'उतरणे' हे क्रियापद निर्हेतुक वाटते. वस्तुतः सागरप्रवासातील ते सर्वांत राजकीय क्रियापद आहे.

मराठी भाषेने या अनुभवाची एक खूण जपून ठेवली आहे. 'बोट लागणे' या शब्दप्रयोगाचे आपल्याकडे दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते, म्हणजे प्रवास सफल होतो. माणसाला बोट लागते, म्हणजे त्याचे पोट ढवळून निघते आणि त्याला प्रवास नकोसा होतो. आपल्या समीक्षेने पहिल्या अर्थाची बोट पाहिली. दुसऱ्या अर्थाची बोट, म्हणजे प्रवाशाच्या अंगावर येणारा प्रवास, तिने फारसा विचारात घेतला नाही.

३. सुएझ कालवा : जहाजांना खुला, माणसांना?

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा वाहतुकीस खुला झाला. भूमध्य समुद्रावरील पोर्ट सैद आणि तांबड्या समुद्राच्या टोकाचे सुएझ यांना जोडणाऱ्या सुमारे १६४ किलोमीटरांच्या या जलमार्गाने मुंबई–लंडन हे सागरी अंतर, आफ्रिकेला वळसा घालून जाण्याच्या तुलनेत, चाळीस टक्क्यांहून अधिक घटले. दोन्ही टोकांच्या समुद्रपातळीत मोठा फरक नसल्यामुळे या कालव्यात पाणी चढविणारे-उतरविणारे दरवाजे नाहीत. जहाज मंदगतीने, एकामागोमाग एक, वाळवंटातून सरकत जाते. वाटेत तिमसाह सरोवर आणि कडू सरोवरे लागतात.

मराठी माणसाच्या विलायत-प्रवासाचा इतिहास हा मुख्यत्वे या कालव्याचा इतिहास आहे. १९६७ च्या अरब–इस्रायल युद्धात कालवा बंद झाला आणि जून १९७५ मध्ये पुन्हा सुरू झाला. दरम्यानच्या काळात विलायतचा प्रवासी विमानाकडे वळला होता. मराठीतील बोटीच्या प्रवासवर्णनाचे पर्व त्यामुळे स्थूलमानाने कालव्याच्या पहिल्या शंभर वर्षांशी जुळते.

कालव्यातील प्रवासाचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. खुल्या समुद्रात जमीन दिसत नाही, म्हणून उतरण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. कालव्यात मात्र दोन्ही बाजूंना जमीन जवळजवळ हाताच्या अंतरावर असते. काठावरचा माणूस, त्याचे जनावर, झाड, सारे स्पष्ट दिसते. पण पाऊल टाकता येत नाही. जमिनीची इतकी निकटता आणि तिच्यापासूनचा इतका दुरावा एकाच वेळी अन्यत्र क्वचितच अनुभवास येत असेल.

१८८८ च्या कॉन्स्टँटिनोपल करारान्वये हा कालवा युद्धात आणि शांततेत सर्व राष्ट्रांच्या जहाजांना खुला राहील, असे ठरले. करारातील हे स्वातंत्र्य जहाजांचे होते. जहाजातील माणसांना किनाऱ्यावर पाय ठेवता येईल की नाही, हा प्रश्न त्या कराराच्या कक्षेत येत नव्हता. जहाज स्वतंत्र आणि माणूस परतंत्र, ही विसंगती पुढील पन्नास वर्षांत अधिक तीव्र होत गेली. मराठी साहित्यात तिचे पडसाद कसे उमटले, हे आता पाहावयाचे आहे.

४. स्वतः उतरलेली आणि उतरू न दिलेला

१८८३ साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. सोबत लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत होत्या. या प्रवासाविषयी त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले पत्र 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. विधवा स्त्रीने कोणा पुरुष नातलगाशिवाय समुद्र ओलांडणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. समुद्रोल्लंघन म्हणजे जातिबाह्य होणे आणि परतल्यावर प्रायश्चित्ताचा प्रश्न, हा धाक सुशिक्षित पुरुषांनाही होता. रमाबाईंच्या दृष्टीने परक्या बंदरात पाऊल ठेवणे म्हणजे परतीचे दार मागे लागू शकते, हे जाणून घेतलेला निर्णय होता. त्यांचे उतरणे हे पर्यटन नव्हे. प्रवासवर्णनाच्या इतिहासात या लेखनाला प्रारंभीच्या टप्प्यातील स्त्रीलिखित वृत्तांत म्हणून स्थान मिळाले; परंतु त्यातील धोक्याचे मोल व्यक्तिमत्त्वाच्या निकषाने पुरेसे जोखता येत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समुद्रबंदी हा सगळ्या मराठी समाजाचा अनुभव म्हणून आपण शिकवतो, तो तसा नव्हता. कोकण किनाऱ्यावरील गाबीत, भंडारी, खारवी, दालदी या समाजांतील माणसांचे आयुष्यच समुद्रावर होते. एवढेच नव्हे, तर विलायतेस जाणाऱ्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकचे काम करणाऱ्या खलाशांत जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी माणसांचा, विशेषतः कोकणी मुसलमानांचा, मोठा भरणा असे. म्हणजे मराठी लेखक ज्या बोटीच्या कठड्याला टेकून सूर्यास्त पाहत होता, त्या बोटीचे दोर त्याच्याच मुलखातील माणूस ओढत असण्याची शक्यता होती. या खलाशांच्या करारांत त्यांची नोकरी हिंदुस्थानच्या बंदरातच संपावी अशी व्यवस्था असे. विलायतेच्या बंदरात नोकरी सोडून राहण्याची मोकळीक त्यांना नव्हती. ज्यांनी सुएझ कालवा सर्वांत अधिक वेळा ओलांडला, त्यांचे एकही पुस्तक आपल्या वाङ्मयप्रकाराच्या यादीत नाही.

सावरकरांच्या लेखनात हा प्रश्न दुसऱ्या अंगाने येतो. १९०६ साली 'पर्शिया' बोटीने ते विलायतेस गेले. त्या प्रवासाचे वर्णन 'शत्रूच्या शिबिरात' या आत्मचरित्रपर ग्रंथात आहे. तेव्हा ते तिकीट काढलेले विद्यार्थी होते. चार वर्षांनी, जुलै १९१० मध्ये, 'मोरिया' बोटीतून त्यांना कैदी म्हणून हिंदुस्थानात आणले जात होते. मार्सेलिसच्या बंदरात त्यांनी बोटीतून समुद्रात उडी घेतली आणि किनारा गाठला. फ्रेंच भूमीवर त्यांना पकडून पुन्हा बोटीवर नेण्यात आले. हे प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने त्यांना परत सोपविण्याच्या कार्यवाहीतील अनियमितता मान्य केली. मात्र सावरकरांना फ्रान्सच्या स्वाधीन करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही, असे ठरविले. सावरकरांच्या राजकीय विचारांविषयी कोणाचे काहीही मत असो, बंदरात उतरणे म्हणजे काय, याचा खल आंतरराष्ट्रीय न्यायासनापुढे व्हावा असा हा प्रसंग आहे. त्याच वर्षी मद्रासहून 'महाराजा' बोटीने त्यांना अंदमानात नेण्यात आले. 'माझी जन्मठेप' (१९२७) मधील बोटीच्या तळाशी, बंदिवानांच्या गर्दीत घडलेल्या त्या प्रवासात उतरणे हीच शिक्षा आहे.

या तीन प्रवासांत समुद्र तोच आहे. व्यक्तीही एकच आहे. बदलला आहे तो केवळ उतरण्याचा अधिकार. आणि त्यासरशी प्रवासाचा अर्थ आमूलाग्र बदलला आहे. व्यक्तिमत्त्व हाच प्रवासवर्णनाचा निर्णायक घटक असता, तर असे घडले नसते.

५. 'रणांगण' : वेळापत्रकाची शोकांतिका

हा प्रश्न मराठीत सर्वाधिक खोलवर एका कादंबरीने मांडला आहे. विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' (१९३९) युरोपातून निघालेल्या एका बोटीवर घडते. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरील तो काळ आहे. बोटीवर मायदेशी परतणारे हिंदी प्रवासी आहेत आणि नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत. चक्रधर विध्वंस हा प्रेमात पोळलेला, स्त्रीविषयी कडवट झालेला तरुण आणि हॅर्टा ही जर्मन ज्यू तरुणी यांच्यातील थोड्या दिवसांचे प्रेम, हा तिचा विषय. मुंबईला चक्रधर उतरतो. हॅर्टाला घेऊन बोट पुढे अतिपूर्वेकडे जाते. हॅर्टाचा अंत समुद्रातच होतो.

'रणांगण'ची चर्चा आजवर तिच्या आकृतिबंधाच्या, आंतरराष्ट्रीय आशयाच्या आणि शोकात्म प्रेमाच्या अंगाने झाली आहे. ही चर्चा महत्त्वाची आहे. परंतु ही कादंबरी बोटीवर घडते, ही गोष्ट बहुधा पार्श्वभूमी म्हणून घेतली जाते. बोट ही येथे पार्श्वभूमी नसून कथानकाची यंत्रणा आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

प्रवासवर्णनात बंदर म्हणजे नवी भर असते. एक बंदर मागे पडले की लेखकाच्या अनुभवात काही जमा होते. 'रणांगण'मध्ये हिशेब उलटा आहे. प्रत्येक बंदर मागे पडले की दोघांच्या हाती उरलेला वेळ वजा होतो. बोटीचे वेळापत्रक कोणाच्या भावनांसाठी थांबत नाही. मुंबई जवळ येणे ही चक्रधरच्या दृष्टीने घरी पोहोचण्याची आणि हॅर्टाच्या दृष्टीने गमावण्याची घटना आहे. एकाच बंदराचे दोन अर्थ एकाच डेकवर उभ्या असलेल्या दोन माणसांसाठी निर्माण होतात. शोकांतिकेसाठी बेडेकरांना खलपुरुषाची गरज भासली नाही. वेळापत्रक आणि कागदपत्र पुरेसे झाले.

चक्रधर स्वतः परतंत्र देशाचा नागरिक आहे. गोऱ्या साम्राज्यात त्याला दुय्यम स्थान आहे, याची त्याला जाणीव आहे. तरीही त्याच्याजवळ एक गोष्ट आहे, जी गोऱ्या वर्णाच्या हॅर्टाजवळ नाही : जेथे त्याला उतरू देण्यावाचून गत्यंतर नाही असे एक बंदर. वसाहतवादाच्या नेहमीच्या उतरंडीत हे बसत नाही. वर्ण, भाषा, शिक्षण या सर्वांपेक्षा 'माझे बंदर कोणते' हा प्रश्न निर्णायक ठरतो. १९३९ साली, निर्वासितांचा प्रश्न जगाच्या पुरता ध्यानी येण्यापूर्वी, एका मराठी कादंबरीकाराने हे ओळखले, हे 'रणांगण'चे मोठेपण आहे. त्या काळी अनेक देशांनी ज्यू निर्वासितांना दारे बंद केली असताना व्हिसावाचून उतरता येईल असे शांघाय हे जगातील अगदी मोजक्या ठिकाणांपैकी एक होते, हा इतिहास ध्यानात घेतला म्हणजे पूर्वेकडे जाणाऱ्या अशा बोटीचा मार्ग किती अर्थपूर्ण होता, हे स्पष्ट होते.

मागे सांगितलेल्या कालव्याच्या वैशिष्ट्याचा येथे उपयोग होतो. हे विधान कादंबरीतील एखाद्या विशिष्ट प्रसंगाविषयी नसून तिच्या एकूण स्थितीविषयी आहे. जमीन दोन्ही बाजूंना दिसते आहे आणि पाऊल टाकता येत नाही, ही कालव्यातील काही तासांची अवस्था इतर प्रवाशांच्या दृष्टीने एक कुतूहल असते. हॅर्टासाठी ती संपूर्ण प्रवासाची अवस्था आहे. तिचा कालवा सुएझला संपत नाही.

६. विजयदुर्गची बोट

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे वळू. मुंबईहून निघालेली बोट हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत पणजीकडे जाई. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे नाव या मार्गाशी दीर्घकाळ जोडले गेले. पावसाळ्यात वाहतूक बंद राही. बहुतेक बंदरांत बोट किनाऱ्याला न लागता दूर उभी राही आणि माणसे, बोचकी, ट्रंका पडावातून किनाऱ्यावर आणल्या जात. डेकवर पथारी पसरून जागा धरायची, भोंगा झाला की उठायचे, आणि आपले बंदर येताच अंधार असो, वारा असो, उतरायचे. बोट थांबणार ती थोडाच वेळ.

या प्रवाशाला उतरण्याचा अधिकार होता का? होता, पण तो विलायतच्या प्रवाशासारखा ऐच्छिक नव्हता. मुंबईला तो उतरला तो गिरणीत, गोदीत किंवा कोणाच्या घरी काम मिळवण्यासाठी. गावी उतरला तो शिमग्याला, लग्नकार्याला, आजारपणात किंवा गिरणी बंद पडल्यावर. दोन्ही टोकांना त्याचे उतरणे गरजेने ठरलेले होते. मधल्या बंदरांत 'फेरफटका' मारण्याची कल्पनाही त्याला शिवली नसती. रत्नागिरी जिल्ह्याच्या (सिंधुदुर्ग त्यातून १ मे १९८१ रोजी वेगळा झाला) कितीतरी गावांचे अर्थकारण मनिऑर्डरींवर चालले, आणि मनिऑर्डर धाडणारी माणसे या बोटीने नेली-आणली.

धोका हाही या प्रवासाचा भागच होता. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ती लांब पल्ल्याची बोट नव्हती. रेवस तर मुंबईसमोरचे बंदर. स्वातंत्र्य अवघ्या महिन्याभरावर आले असताना घडलेली ही दुर्घटना कोकणातील घरांत आजही सांगितली जाते.

कोकणच्या मराठी साहित्याने या माणसाकडे पाठ फिरवली असे मात्र म्हणता येणार नाही. जयवंत दळवी यांच्या 'सारे प्रवासी घडीचे' (१९६४) या पुस्तकाच्या नावातच प्रवासी आहे. परंतु तेथे 'प्रवासी' हा शब्द मर्त्य जीवनाचे रूपक म्हणून येतो, पुस्तक गावातच राहते. मधु मंगेश कर्णिक यांची 'माहीमची खाडी' (१९६९) मुंबईत येऊन पडलेल्या माणसांच्या झोपडवस्तीची गोष्ट सांगते. म्हणजे निघण्याचे गाव आपल्याकडे आहे आणि पोहोचण्याचे शहरही आहे. मधली बोट मात्र आठवणींत, पत्रांत, घरगुती बोलण्यात विखुरलेली राहिली. तिला वाङ्मयप्रकाराचा दर्जा मिळाला नाही.

मोटाररस्ते सुधारले, बोटवाहतूक मागे पडत बंद झाली, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई–गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही पर्यटक बोट सुरू झाली आणि पुढे बंद पडली. तिचे नाव आंग्र्यांची आठवण देणारे होते. प्रवासी मात्र मौजेसाठी निघालेला होता. २०२५ साली मुंबई–विजयदुर्ग रो-रो सेवेची घोषणा झाली, तेव्हा गावातील वृद्धांनी विचारलेला पहिला प्रश्न सोयीसुविधांचा नव्हता. बोट येथे थांबणार ना, एवढेच त्यांना हवे होते. या प्रश्नामागे किती वर्षांचा अनुभव उभा आहे, हे सहज ध्यानात यावे.

७. संभाव्य आक्षेप

वरील मांडणीवर तीन आक्षेप घेता येतील. पहिला असा, की समीक्षा ही लिहिलेल्या मजकुराची होते. कोकण बोटीच्या प्रवाशाने लिहिलेच नाही, तर समीक्षेने काय करावे? हा आक्षेप रास्त आहे. परंतु काय 'लिहिलेले' मानायचे, हेही निकषच ठरवितात. रमाबाईंचे 'इंग्लंडचा प्रवास' हे मुळात पत्र होते. पत्र हे प्रवासवर्णन होऊ शकते, हे आपण तेथे मान्य केले. मग मुंबईहून घरी आलेले पोस्टकार्ड, वृद्ध स्त्रीने सांगितलेली हकिगत, खलाशाची कैफियत यांना निदान विचारात घेण्यास कोणती तात्त्विक अडचण आहे?

दुसरा आक्षेप असा, की 'रणांगण' ही कादंबरी आहे. तिच्या आधारे प्रवासवर्णनाचा विचार करणे प्रकारसंकर ठरेल. येथे कादंबरीला प्रवासवर्णन ठरविण्याचा हेतू नाही. एका वाङ्मयप्रकाराने जे गृहीत धरले ते दुसऱ्या प्रकाराने उघड केले, एवढेच म्हणावयाचे आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काणेकर, गाडगीळ, पु. ल. यांच्या लेखनाची गोडी ते कोणत्या वर्गाने प्रवास करीत होते यावर अवलंबून नाही, आणि या निकषाने त्यांच्यावर अन्याय होईल. हे मान्य केले पाहिजे. चांगले गद्य चांगलेच राहते. उतरण्याचा अधिकार हा मूल्यमापनाचा निकष नसून अर्थनिर्णयनाचा निकष आहे. कोणते पुस्तक श्रेष्ठ, हे तो सांगणार नाही. पुस्तकातील 'मी' कोठे उभा राहून बोलतो आहे, हे मात्र तो सांगेल.

८. समारोप

प्रस्तुत विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मराठी प्रवासवर्णनाच्या समीक्षेतील व्यक्तिमत्त्वाचा निकष आवश्यक असला तरी सागरप्रवासाच्या बाबतीत तो अपुरा पडतो. बंदरात उतरण्याचा अधिकार हा घटक विचारात घेतल्यास रमाबाई, सावरकर आणि बेडेकर यांच्या लेखनातील, एरवी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले जाणारे अनुभव एकमेकांशेजारी आणता येतात. सुएझ कालवा हा केवळ मार्गातील एक प्रेक्षणीय टप्पा न राहता या प्रश्नाचे दृश्य रूप ठरतो. आणि कोकण बोटीचा प्रवासी, ज्याला आपण प्रवासीच मानत नव्हतो, तो या वाङ्मयप्रकाराच्या कक्षेत येतो.

यातून एक काम निघते आणि ते आपल्या महाविद्यालयांना शक्य आहे. बोटीने प्रवास केलेली पिढी वेगाने अस्तंगत होत आहे. किनाऱ्यावरील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांकरवी घरोघरच्या हकिगती टिपून घेतल्या, पत्रे व पोस्टकार्डे जतन केली, तर पुढील अभ्यासकाला निदान मजकूर उपलब्ध होईल. इतिहास, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र या विभागांनाही त्यात सहभागी होता येईल. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. वही आणि ऐकण्याची तयारी पुरेशी आहे.

त्या विद्यार्थिनीच्या लेखनाला तेव्हा दहापैकी पाच गुण दिले होते, 'विषयाला धरून नाही' या शेऱ्यासह. तो शेरा चुकीचा होता. लाट वर येण्याची वाट पाहत, मूल कडेवर घेऊन पडावाच्या काठाशी उभी असलेली ती स्त्री प्रवासवर्णनात बसते. ती बसत नसेल, तर व्याख्येत बदल करणे आपले काम आहे.